वास्तू वाचली, वावराचे काय?

जुनी इमारत मोडकळीला आली की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो वाचवा. गेल्या काही दशकांत वाचवणाऱ्यांचे बळ वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्या बळाबरोबर एक समजूतही पक्की होत गेली. भिंती सावरल्या, चुन्याचा गिलावा पुन्हा केला, प्रकाशयोजना केली आणि आत कलादालन किंवा संग्रहालय थाटले की वास्तूला नवे आयुष्य मिळाले, अशी ती समजूत. उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात आणि काम पुरे झाले असे सगळे धरून चालतात.

ही समजूत उथळ आहे, आणि विद्यापीठाच्या इमारतींबाबत तर घातकही आहे. विद्यापीठाची जुनी इमारत कलेसाठी आणि आसपासच्या लोकांसाठी खुली करायची, तर पहिला आराखडा वापराचा हवा आणि भिंतींचा त्यामागून यायला हवा. तिथे कोण येणार, कोणत्या वेळी, कोणत्या फाटकातून, आत आल्यावर काय करणार आणि पुढची वीस वर्षे तिथली देखभाल कोण करणार, हे न ठरवता केलेली दुरुस्ती फार तर एक देखणी, बंद खोली तयार करते. हे म्हणणे तपासायला दिल्लीतल्या एका इमारतीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

काश्मिरी गेटजवळची इमारत

काश्मिरी गेटजवळ लोथियन रोडवर डॉ. आंबेडकर विद्यापीठ दिल्लीचे आवार आहे. त्या आवारातली एक इमारत शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाते. दर्शनी बाजूला उंच, युरोपीय घाटाचे खांब. त्या खांबांच्या मागे गेले की मोगल काळातल्या लाल दगडाच्या कमानी. इमारतीवरची जुनी पाटी तिचे चरित्रच सांगते. १६३७ मध्ये दाराचे ग्रंथालय, मग पंजाबचा मोगल सुभेदार अली मर्दान खान याचे निवासस्थान, १८०३ मध्ये डेव्हिड ऑक्टरलोनीचे निवासस्थान, त्यानंतर सरकारी कॉलेज, जिल्हा शाळा आणि १९०४ पर्यंत नगरपालिकेची शाळा.

यातल्या १८०३ या सालाशी मराठी वाचकाचा थेट संबंध आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दिल्लीवरचा मराठ्यांचा अंमल संपला आणि कंपनीचा रेसिडेंट म्हणून ऑक्टरलोनी या वास्तूत राहायला आला. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा दिला, तेव्हा शहराचा बचाव करणाऱ्यांतही तो होता. आज उरलेले पांढरे खांब हे त्या सत्तांतराचे दगड-चुन्यातले रूप आहे.

विसाव्या शतकात १९४१ साली या आवारात दिल्ली पॉलिटेक्निक सुरू झाले. पुढे आवार अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे राहिले आणि २०१२ च्या सुमारास आंबेडकर विद्यापीठ इथे आले. ग्रंथालयाच्या इमारतीत बराच काळ दिल्ली सरकारच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालय होते. तिची दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या मे महिन्यात तिथे फाळणी संग्रहालय सुरू झाले. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली ज्या न्यासाने असे संग्रहालय उभारले, त्याच न्यासाचे हे दिल्लीतले काम. एवढ्या भरीव इतिहासाची इमारत दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडली, ही या शहरातली चांगली घटना आहे. तिच्यातून घ्यायचे धडे मात्र दर्शनी खांबांच्या पलीकडचे आहेत.

१. ‘मूळ रूपा’चा आधार टिकत नाही

दुरुस्तीची चर्चा सुरू झाली की पहिली मागणी येते ती वास्तूला तिचे मूळ रूप परत देण्याची. इथे मूळ रूप कोणते? पाटी म्हणते १६३७. पण शाहजहानाबाद या शहराचा आणि लाल किल्ल्याचा पायाच १६३९ साली घातला गेला. म्हणजे ज्याला आपण आरंभ म्हणू, तोच धूसर आहे. दाराचे ग्रंथालय परत आणायचे म्हणून युरोपीय खांब काढले, तर रेसिडेन्सी आणि कॉलेज पुसले जाईल. खांब ठेवून आतल्या कमानी झाकल्या, तर दारा पुसला जाईल. शाळेच्या आणि कार्यालयाच्या काळातल्या भिंती कुरूप म्हणून सरसकट पाडल्या, तर सामान्य माणसाने ही वास्तू वापरल्याचा सगळा पुरावा नाहीसा होईल.

इमारत पावणेचारशे वर्षे उभी राहिली, कारण प्रत्येक पिढीला ती कशा ना कशासाठी उपयोगी पडली. ग्रंथ गेले तेव्हा सुभेदार आला, रेसिडेंट गेला तेव्हा विद्यार्थी आले. म्हणून आजच्या दुरुस्तीने सर्वांत जास्त जपायची गोष्ट म्हणजे पुढच्या बदलाची शक्यता. नवे पडदे, मांडण्या, विजेच्या वाहिन्या, वातानुकूलन हे सगळे जुन्या भिंतीला इजा न करता उद्या काढता आले पाहिजे. आपण शेवटचे वापरकर्ते आहोत असे समजून केलेले काम पुढच्या पिढीला तोडावे लागते. दिल्लीतच याचा पुरावा आहे. हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावर विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली काँक्रीटचे थर चढवले गेले होते. आगाखान न्यासाच्या प्रकल्पात ते काढले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे १० लाख किलो भरले. ज्यांनी ते थर घातले तेही वास्तू वाचवत असल्याच्याच भावनेने घालत होते.

२. कला इथे नव्याने आणलेली नाही

दुसरी समजूत अशी की पडीक इमारतीत कला आणून आपण तिला सर्जनशील बनवतो. ही समजूत मला विशेष खटकते, कारण ती त्या जागेच्या पूर्वायुष्यावर अन्याय करते.

१८४० च्या दशकात दिल्ली कॉलेज जुन्या रेसिडेन्सीत, म्हणजे याच वास्तूत आले. अजमेरी गेटबाहेरच्या मदरशात १८२५ साली सुरू झालेले हे कॉलेज. तिथे पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकवण्याचा आणि त्यासाठी पुस्तके उर्दूत आणण्याचा मोठा उद्योग चालला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर मराठीतून जे करू पाहत होते, त्याच जातीचे हे काम, जवळपास त्याच काळात. कॉलेजातले गणिताचे शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांवर लिहिलेला ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यात छापला गेला आणि पुढे डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने तो लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवला. नझीर अहमद आणि मुहम्मद हुसेन आझाद हे उर्दू गद्याचे मोठे लेखक या कॉलेजचे विद्यार्थी. १८५७ च्या मे महिन्यात कॉलेजवर हल्ला झाला, प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथसंग्रह लुटला गेला. १८६४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १८७७ मध्ये बंद पडले.

त्यानंतरची गोष्ट पॉलिटेक्निकची. त्याच्या कला विभागातून आजचे दिल्लीचे कॉलेज ऑफ आर्ट घडले, वास्तुकला विभागातून नियोजन आणि वास्तुकलेची राष्ट्रीय संस्था घडली. लाहोरमध्ये कलाशाळा चालवलेले चित्रकार भवेशचंद्र सन्याल फाळणीनंतर दिल्लीत आले, १९४९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दिल्ली शिल्पी चक्र हा कलाकारांचा गट उभा केला आणि १९५३ पासून पॉलिटेक्निकच्या कला विभागाचे प्रमुखपद सांभाळले. चित्रकार शैलोज मुखर्जींनी तिथे शिकवले. चित्रकार अर्पिता सिंग तिथे शिकल्या. फाळणीत घर गमावलेला चित्रकार आणि फाळणीचे संग्रहालय यांचे नाते या संस्थेच्या इतिहासातच आहे. ते जोडायला कुणा सल्लागाराची गरज नाही.

मग कला गेली कुठे? संस्था वाढल्या, जागा अपुरी पडली. कॉलेज ऑफ आर्ट टिळक मार्गावर गेले, अभियांत्रिकी महाविद्यालय १९९० च्या दशकात बवाना रोडला गेले. आजही आंबेडकर विद्यापीठात संस्कृती आणि सर्जनशील अभिव्यक्तीचे स्वतंत्र प्रशाला आहे, म्हणजे धागा पूर्ण तुटलेला नाही. दुरुस्तीचा आराखडा करण्याआधी जागेच्या अशा पूर्वीच्या वापरांची नोंद व्हायला हवी, आणि ती भिंतींच्या मोजमापाइतक्याच काटेकोरपणे.

या नोंदीतून एक व्यावहारिक भेदही हाती येतो: कला दाखवण्याची जागा आणि कला करण्याची जागा या वेगळ्या. चित्रशाळेत रंग सांडतो, मातीकामात जमीन ओली होते, सुतारकामात भुसा उडतो, तालमीत आवाज होतो. नुकत्याच दुरुस्त झालेल्या दालनात यातले काहीच करू देत नाहीत आणि ते योग्यही आहे. पण मग ‘सर्जनशील वापर’ म्हणून तिथे उरते ते फक्त प्रदर्शन. लोक प्रेक्षक होतात, करणारे होत नाहीत. यावर उपाय आवारातच असतो. जवळपास प्रत्येक जुन्या विद्यापीठात वारसा इमारतीच्या शेजारी साध्या शेड, जुन्या कार्यशाळा, सपाट छपरांच्या खोल्या असतात. सगळा निधी आणि सगळे लक्ष देखण्या दालनाला मिळते, आणि या ओबडधोबड जागा पाडून वाहनतळ होतो. माझ्या मते सर्जनशील वापराची खरी जागा तीच. देखण्या इमारतीत संग्रह ठेवा, चर्चा घ्या. शेजारच्या शेडमध्ये छापखाना, मातीकाम, तालीम चालू द्या. दोन्हींचा आराखडा एकत्र झाला नाही तर दुसरी जागा कधीच होत नाही.

३. फाटक, वेळ आणि स्वच्छतागृह

‘समाजासाठी खुले’ असे म्हणताना समाज म्हणजे कोण? काश्मिरी गेटला मेट्रोच्या तीन मार्गिका एकत्र येतात, शेजारी आंतरराज्य बस स्थानक आहे, आणि मोटारींच्या सुट्या भागांचा भलामोठा बाजार आहे. त्या बाजारातले दुकानदार, हमाल, मेकॅनिक, चहावाले, बस पकडायला थांबलेले प्रवासी हे या आवाराचे खरे शेजारी. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात फाळणीची आठवण असणार. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या आसपास होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. आजच्या दिल्लीचा मोठा भाग त्या दहा वर्षांतल्या स्थलांतरातून उभा राहिला. विषय इतका जवळचा असूनही केवळ विषय जवळचा आहे म्हणून शेजारी आत येत नाही.

तो का येत नाही, याची कारणे साधी आहेत आणि म्हणूनच ती आराखड्यातून सुटतात. विद्यापीठाच्या फाटकावर ओळखपत्र विचारले जाते. ज्याच्याकडे ते नाही तो दुसऱ्यांदा येत नाही. विद्यापीठाची वेळ सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत, आणि बाजारात काम करणाऱ्याला मोकळीक मिळते ती रात्री किंवा रविवारी. आत आल्यावर बसायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह कुठे, हे विचारावे लागले तर बायका आणि म्हातारी माणसे लवकर परततात. जुन्या इमारतीचे जोते उंच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले आहे, तरी उतार बहुधा मागच्या दाराला, सामानाच्या वाटेवर काढला जातो. पाट्या आणि माहितीपत्रके कुणाला वाचता येतील, हाही याच यादीतला प्रश्न.

या गोष्टी कारभाराच्या वाटतात, म्हणून त्या शेवटी ठरवल्या जातात. तोवर फाटकाची जागा, जिन्याची रुंदी, पाण्याच्या वाहिन्या ठरून गेलेल्या असतात. स्वतंत्र प्रवेशद्वार हवे असेल तर ते पहिल्या नकाशात लागते. रात्री आठपर्यंत एक दालन उघडे ठेवायचे असेल तर ते बाकीच्या इमारतीपासून कुलूपबंद करता येईल अशी विभागणी लागते. वेळापत्रक हे वास्तुकलेचाच भाग आहे, आणि ते ठरवायला वास्तुविशारदाच्या शेजारी बाजारातला माणूस बसवला पाहिजे.

आंबेडकर विद्यापीठाने उलट्या दिशेनेही एक प्रयोग केला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. त्याच्या सामुदायिक ज्ञान केंद्राने शादी खामपूर आणि निझामुद्दीन वस्तीत मोहल्ल्याची संग्रहालये भरवली. तिथल्या रहिवाशांच्या आठवणी, छायाचित्रे, घरातल्या वस्तू हाच संग्रह. लोकांना विद्यापीठात आणण्याआधी विद्यापीठ लोकांकडे गेले. अशा कामातून ओळख झालेला माणूस नंतर फाटकाशी आला तर तो पाहुणा म्हणून येत नाही, स्वतःची वस्तू बघायला येतो.

४. उभारणीचा पैसा आणि सांभाळायचा पैसा

दुरुस्तीसाठी एकरकमी निधी मिळणे तुलनेने सोपे आहे. सरकार देते, उद्योगसमूह देतात, त्यात नाव लागते. दरवर्षी पावसाआधी पन्हाळी साफ करणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप उपटणे, चुन्याचा सुटलेला तुकडा वेळीच भरणे याला नाव लागत नाही, म्हणून पैसाही मिळत नाही. चुन्याचे बांधकाम ओल आत घेते आणि बाहेर सोडते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि विटेचा आतून भुगा होतो. हे प्रत्येक जाणकाराला माहीत असते. तरी पाच वर्षांनी सर्वांत कमी दराची निविदा भरणारा कंत्राटदार येतो आणि सिमेंटच थापतो, कारण चुना मळणारा गवंडी विद्यापीठाच्या आस्थापनेवर नसतो.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयाची आणि राजाबाई मनोऱ्याची दुरुस्ती २०१५ मध्ये पूर्ण झाली आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा सन्मान झाला. काम खरोखर उत्तम आहे. त्या रंगीत काचांखाली आजही विद्यार्थी वाचत बसतात, हे त्याहून उत्तम. पण समोरच्या ओव्हल मैदानात खेळणाऱ्या मुलाला त्या इमारतीत सहज शिरता येत नाही. तिथे भिंतींचा प्रश्न सुटला आहे आणि वावराचा तसाच राहिला आहे. अशा पुरस्कारांच्या निकषांत प्रवेशाच्या वेळा आणि वार्षिक देखभालीची तरतूद यांना मोठे गुण असते, तर संस्थांनी याकडे कधीच लक्ष दिले असते.

आक्षेप

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो हलका लेखू नये. काश्मिरी गेटच्या आवारात मुलींचे तंत्रविद्यापीठही आहे. अनोळखी माणसे मोकळेपणी फिरू लागली तर विद्यार्थिनींनी काय करायचे, असे पालक विचारतात आणि त्यांना तो अधिकार आहे. माझे उत्तर असे की खुलेपणा म्हणजे सगळे आवार सगळ्यांना नव्हे. रस्त्याला लागून असलेली एक इमारत, तिचे स्वतःचे फाटक, तिचे ठरलेले तास आणि तिथे उभी असलेली पगारी, प्रशिक्षित माणसे एवढ्याने वसतिगृह आणि वर्ग वेगळे राहतात. शिवाय संध्याकाळी सहानंतर ओस पडणारे आवार मुलींना सुरक्षित वाटते, असे मला कुणी सांगितलेले नाही. दिवे, वर्दळ, स्त्री कर्मचारी, रात्री उघडी असलेली एक चहाची टपरी यांनी येण्याजाण्याची वाट निर्धास्त होते. सुरक्षेचा खर्च भिंतीवरून माणसांवर वळवावा लागेल. तो जास्त येईल, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

दुसरा आक्षेप वर्गखोल्यांचा. विद्यार्थ्यांना बसायला जागा नसताना लोकांसाठी दालने कशाला? जिथे खरोखर टंचाई आहे तिथे शिकवणे आधी, हे मी मान्य करतो. पण टंचाई खोल्यांची कमी आणि तासांची जास्त असते. रविवारी, सुट्ट्यांत आणि संध्याकाळी याच खोल्या रिकाम्या असतात.

वापराने वास्तू झिजेल, असेही म्हटले जाते. झिजेल. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकाचा समाजोपयोगी वापर त्याच्या जतनाला हातभार लावतो असे मान्य केले आणि त्याच वेळी रचनेत व सजावटीत बदल नको अशी मर्यादा घातली. ही मर्यादा पाळायची तर एका वेळी किती माणसे, कोणत्या दालनात कोणते काम, याचे नियम लागतात. वापर बंद ठेवून वास्तू वाचत नाही. बंद दालनात गळती महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटचा आक्षेप डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी येतो: सार्वजनिक वास्तू खासगी न्यासाच्या किंवा कंपनीच्या हाती द्यावी का? केंद्र सरकारची वारसा दत्तक योजना २०१७ मध्ये आली आणि दिल्ली सरकारनेही अशाच पद्धतीने काही वास्तू सांभाळायला दिल्या. मला हा प्रश्न तत्त्वापेक्षा कराराचा वाटतो. सरकारी कार्यालयाने दशकानुदशके कुलूप लावून ठेवलेली वास्तूही सार्वजनिकच होती. न्यासाकडे दिलेल्या वास्तूत लोक येत असतील, तर ती अधिक सार्वजनिक झाली असे मी म्हणेन. पण त्या करारात काय लिहिले आहे ते लोकांना वाचता आले पाहिजे. आठवड्यातले किती तास प्रवेश विनाशुल्क, संध्याकाळी आणि रविवारी कोणते दालन उघडे, देखभालीला दरवर्षी किती रक्कम आणि ती कुणाच्या खात्यात, सल्लागार समितीत विद्यार्थी आणि बाजारातले शेजारी किती, वर्षातून किती दिवस विद्यापीठाच्या कला विभागाला जागा वापरता येणार, ही कलमे त्यात हवीत. आणि एक कलम करार संपण्याच्या दिवसाचे हवे. लोकांनी विश्वासाने दिलेली पत्रे, कुलपे, फुलकारीच्या ओढण्या, ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणी त्या दिवशी कुठे जाणार, कोणाच्या ताब्यात राहणार, आणि देणाऱ्याच्या नातवाला त्या बघायच्या असतील तर त्याने कोणत्या दारावर जायचे, हे त्यात आजच नमूद व्हायला हवे.